खुर्ची मोजणारे सर, शिट्टी खिशात ठेवणारे मामा

माझ्याकडे दोन कॅलिपर आहेत. एक डाव्या पायाला, आधाराचा लोखंडी, लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासूनचा, मापं बदलत बदलत आलेला. दुसरा व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचा, शर्टाच्या खिशात, बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर लागलो तेव्हापासूनचा. पहिल्यानं चालतो, दुसऱ्यानं घर चालतं. दोन शतांश मिलिमीटरपर्यंत मोजणारा माणूस आहे मी, आणि माझी खुर्ची बावीस मिलिमीटरनं जादा भरली म्हणून मला दिव्यांगांच्या गोळाफेकीच्या स्पर्धेतून बाहेर काढलं.

बसून गोळा फेकणाऱ्यांच्या खुर्चीची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, हे मला माहीत होतं. मी चौकोनी पाइप वेल्ड करून ७४० मिलिमीटरची खुर्ची केली. वर दहा मिलिमीटर शिल्लक, खूश. बायकोनं प्रेमानं जुन्या गादीच्या कापसाची उशी शिवून दिली, ती मी प्लायवूडला खिळ्यांनी ठोकून टाकली. पंचांनी टेप लावली ती उशीवरनं. ७७२. उशी धरून ७५ असतं म्हणे. खिळे काढायला पक्कड शोधेपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलं. परत येताना टेम्पोत मागं त्याच खुर्चीवर बसून आलो. तोपर्यंत मी सहा महिने एकटाच शेतात गोळा फेकत होतो, आणि मला वाटत होतं की हा ताकदीचा खेळ आहे, ताकद माझ्या हातात आहे, मग शिकवायला कोण कशाला पाहिजे. त्या बावीस मिलिमीटरनं मला प्रशिक्षकांच्या दारात नेलं.

तर हे त्या प्रशिक्षकांबद्दल. आमच्या भागातल्या एका विद्यापीठाच्या मैदानावर सकाळी सहा ते आठ दिव्यांगांचा ट्रॅक आणि फील्डचा सराव चालतो. विद्यापीठाची मुलं नऊ-दहा, आणि माझ्यासारखे बाहेरचे चौघे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण सरांनीच सांगितलं, "अण्णा, लिहा, पण नाव घालू नका. शिकवणारे आम्ही तिघं, उद्या चाळीसजण आले तर कुणाचंच नीट व्हायचं नाही." खरं आहे. आणि पुढं काही तक्रारीही लिहिणार आहे, त्यामुळं नाव नसलेलं माझ्याही सोयीचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या लोकांना कुठं विचारायचं ते समजेल.

सरांपासून सुरू करतो. शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक, पस्तिशीतले, अंगानं किरकोळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस मला काय गोळा शिकवणार, याचं वजन माझ्या बेंचव्हाइसएवढं. त्यांनी मला गोळा फेकायलाच दिला नाही. पाऊण तास मला त्यांच्या खुर्चीवर बसवून मापं घेतली. बसल्यावर गुडघ्यापासून मागं किती, कमरेपासून खांद्यापर्यंत किती, उजवा हात पूर्ण लांब करून किती, डावा हात दांडा धरायला कुठं पोचतो. वहीत लिहिलं. मी म्हटलं, सर, तुम्ही शिंपी का कोच? हसले नाहीत. म्हणाले, "तुमचा कॅलिपर बसल्यावर काढता की घालूनच फेकता?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी घालूनच फेकत होतो. त्या लोखंडाच्या वजनानं डावी मांडी खुर्चीवरनं सरकत होती, आणि मी ती सावरण्यात निम्मा जोर घालवत होतो. काढून ठेवला. पट्ट्यानं मांड्या आवळल्या. पहिल्याच आठवड्यात पाच मीटर ऐंशीवरनं सहा मीटर वीसवर गेलो. ताकद तेवढीच होती, मंडळी.

मग दांड्याची गोष्ट. बसून फेकणारा एका हातानं समोरचा उभा दांडा धरतो आणि दुसऱ्या हातानं फेकतो. नियम असा की दांडा एकसंध आणि सरळ पाहिजे, गोल किंवा चौकोनी, त्याला बाक नको आणि तो लवायला नको. मी पोकळ पाइप लावला होता, कारण तो दुकानात पडलेला होता. सरांनी मी फेकताना त्या पाइपच्या टोकापाशी मोबाइल धरून हळू गतीचा व्हिडिओ काढला आणि मला दाखवला. पाइप दीड-दोन सेंटिमीटर मागं जात होता आणि मी सोडल्यावर परत येत होता. "अण्णा, तुम्ही ओढताय आणि पाइप खाताय," इतकंच बोलले. लेथवर टूल बाहेर जास्त काढला की कंप येतो, जॉबवर रेघा पडतात, हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलोय, आणि माझ्याच खुर्चीला मी तेच केलेलं. दुसऱ्या दिवशी भरीव बार बसवला. खुर्ची जमिनीला बांधायला ट्रकवाल्यांचे लॅशिंग बेल्ट आणले, चारही कोपऱ्यांना. आता खुर्ची हलत नाही, बार लवत नाही. जे काय हलतं ते मीच.

सरांचं मला आवडलेलं आणखी एक म्हणजे ते खोटी तुलना करू देत नाहीत. पॅरिसच्या पॅरालिम्पिकला २०२४ मध्ये सचिन खिलारीनं १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य आणलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांच्या स्टेटसला तोच. सांगली जिल्ह्यातला, आटपाडीकडचा, म्हणजे आपलाच. मला नातेवाईक विचारायला लागले, तू किती फेकतोस? सरांनी मला समजावून सांगितलं: तो एफ-४६, म्हणजे हात अधू, पाय धड, उभा राहून फेकतो. तुमचा गट एफ-५७, बसून, गोळा चार किलोचा. तुमच्या गटात त्याच पॅरिसला भारताच्या होकाटो सेमानं १४.६५ टाकून कांस्य घेतलंय, सैन्यातला माणूस, सुरुंगात पाय गेलेला. बघायचं तर त्याच्याकडे बघा, आणि त्याच्याकडेही रोज बघू नका. माझा आजचा आकडा ८.०४ आहे. वय एकोणचाळीस. पदकाचं कुणी बोलत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

दुसऱ्या प्रशिक्षक मॅडम, बैलहोंगलच्या. मराठी कळतं सगळं, बोलताना कन्नड मध्ये येतं. "कुंड्री अण्णा, कुंड्री, आत्ता मत्तोम्मे." बसा, आणि पुन्हा एकदा. वर्षभरात माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं होतं ते फेकण्यापुरतं झालंय. त्यांच्या वहीवरनं एकदा मोठा घोटाळा झाला. त्या आकडे कन्नडमध्ये लिहितात, आणि कन्नडमधला एक आपल्या शून्यासारखा दिसतो. (आमच्या बसच्या नंबरप्लेटवर ज्यांची गाडी चुकली आहे त्यांना हे सांगायला नको.) माझ्या नावापुढं ७.११ लिहिलेलं मी ७.०० वाचलं आणि दिवसभर कामावर चिडून होतो. संध्याकाळी फोन करून विचारलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की फोन कुणीतरी दुसऱ्यानं घेतला. तेव्हापासून माझ्यापुरते आकडे इंग्रजीत लिहितात. सीमाप्रश्न आम्ही एवढ्यावर मिटवला.

मॅडमची खरी कसोटी मी बघितली ती निपाणीच्या पोरीच्या बाबतीत. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ होतात, बोलायला वेळ लागतो, डोकं मात्र एकदम तल्लख, बी.कॉम. करते. ती क्लब फेकते. क्लब म्हणजे लाकडी, ३९७ ग्रॅम वजनाचा, तालमीतला मुद्गल असतो ना, त्याचं पिल्लू समजा. ज्यांना गोळा किंवा भाला मुठीत नीट धरता येत नाही त्यांच्यासाठी हा प्रकार. पॅरिसला धरमबीरनं यातच ३४.९२ मीटर टाकून सुवर्ण आणलं, त्याचा गट एफ-५१, मणक्याच्या दुखापतीचा. या पोरीचा गट वेगळा आणि अडचणही वेगळी. अचानक मोठा आवाज झाला की तिचं सगळं अंग आखडतं, हातातला क्लब सुटत नाही किंवा भलतीकडं जातो.

आता आमचे तिसरे प्रशिक्षक म्हणजे मामा. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांची शिट्टी म्हणजे कॅम्पापर्यंत ऐकू जाईल अशी. दर वेळी मामांनी शिट्टी वाजवली की पोरगी आखडायची. पंधरा दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांना वाटायचं की तिला जमत नाही. मॅडमनी एक दिवस सगळ्यांचा सराव थांबवला, पोरीच्या शेजारी खाली बसल्या आणि विचारलं, तुला नेमकं कधी होतं? तिला सांगायला दोन-तीन मिनिटं लागली. मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही. आईसुद्धा पुरं करते हो. मी माझ्या बायकोचं करतो. पण त्यांनी ऐकून घेतलं शेवटपर्यंत, मग उठून मामांकडे गेल्या आणि म्हणाल्या, शिट्टी खिशात. वीस-बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याला अठ्ठावीस वर्षांच्या मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. मामांनी शिट्टी खिशात घातली, आणि ती अजून खिशातच आहे. हात वर करून खुणा करतात. मला वाटतं, या तिघांबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. ते आधी विचारतात. पट्टा आवळायचा असला, खांद्याला हात लावायचा असला, खुर्ची ढकलायची असली, तरी विचारतात. आयुष्यभर मला बसमध्ये चढवताना लोकांनी न विचारता काखेत हात घातलाय आणि वर पुण्य कमावल्याचं तोंड केलंय, त्यामुळं याची किंमत मला जरा जास्त कळते.

मामा धावणाऱ्यांकडे बघतात. खानापूर तालुक्यातला एक पूर्ण अंध मुलगा आहे, टी-११ गटाचा. तो जोडीदाराबरोबर धावतो, दोघांच्या हातात एक आखूड, न ताणणारी दोरी. जोडीदार म्हणून विद्यापीठाचाच एक धावपटू दिला होता, वेगवान पोरगा, पण तो पुढं पुढं ओढायचा. नियमात ओढणं बसत नाही, आणि शेवटच्या रेषेवर अंध धावपटू आधी पोचला पाहिजे, जोडीदार नंतर. मामांनी काय केलं, त्या जोडीदाराच्याच डोळ्यांवर आठवडाभर पट्टी बांधली आणि दोरी आपल्या हातात घेऊन त्याला पळवलं. पहिल्या दिवशी तो पोरगा वीस पावलांवर थांबला आणि खाली बसला. "भीती वाटली का?" मामा. "होय." "मग त्याला रोज वाटते ती तू वाढवालायस का कमी करालायस?" आठवड्यानं दोघांची पावलं एका लयीत पडायला लागली. मामा त्यांना पॅरिसची गोष्ट सांगतात. स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये कांस्यपदकाच्या जागेवर होती, रेषा काही पावलांवर, आणि तिच्या जोडीदाराच्या पायात गोळा आला. त्याला सावरायला तिनं क्षणभर दोरी सोडली, आणि बाद झाली. मामांना ती बाद झाली याचा राग आहे, नियमाचा आदरही आहे, आणि दोन्ही एकदमच ऐकावं लागतं. आपल्या कर्नाटकातली रक्षिता राजू टी-११ गटातच १५०० मीटर पळते, हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत २०२३ ला तिनं सुवर्ण घेतलं. तिचं आणि तिच्या जोडीदाराचं पळणं आमच्या खानापूरच्या मुलाला मामा बोलून दाखवतात, कॉमेंटरीसारखं. हात कुठं, खांदा कुठं, वळणावर कोण काय म्हणतं. व्हिडिओचा तोच एक उपयोग त्याला.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी विश्वास ठेवत नाही.

चाकाच्या खुर्चीची शर्यत इथं नाही म्हणजे नाही. तीन चाकांची ती लांब रेसिंग खुर्ची परदेशी बनावटीची काही लाखांत जाते, आणि ती प्रत्येकाच्या अंगमापानं करावी लागते, दुसऱ्याची चालत नाही. हुक्केरीकडचा एक मुलगा साध्या दवाखान्याच्या व्हीलचेअरवर फेऱ्या मारतो. त्याचे हात बघितले की वाईट वाटतं. मॅडमनी एकदा आम्हाला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे व्हिडिओ दाखवले. तिथं दिव्यांग विद्यार्थ्यांचा खेळ १९४८ पासून चालतो, टिमोथी न्यूजंट नावाच्या माणसानं सुरू केलेला, आणि तिथले मुख्य प्रशिक्षक अॅडम ब्लीकनी स्वतः व्हीलचेअरवर शर्यत खेळलेले, अथेन्सला २००४ मध्ये ८०० मीटरचं रौप्य त्यांचं. ते व्हिडिओ बघताना सगळे खुर्च्यांकडे बघत होते. मी प्रशिक्षकाकडे बघत होतो. आमचे तिघंही चांगले, पण तिघंही दोन पायांवर चालणारे. सर कितीही मापं घेऊ देत, दुपारी चार वाजता कॅलिपरचा पट्टा मांडीला कुठं घासतो हे त्यांना वहीतनं कळणार नाही. हे मी सरांना तोंडावर बोललोय. ते म्हणाले, मग तुम्ही शिकवा. त्यावर मी विषय बदलला. पण गेल्या महिन्यापासून नव्या आलेल्यांच्या खुर्च्या मीच बांधून देतोय, आणि बांधताना तोंड गप्प बसत नाही.

दुसरी तक्रार गटाची. तुमचा गट ठरवायला अधिकृत तपासणी होते, नुसतं दिव्यांगाचं कार्ड पुरत नाही. कार्डावर टक्के असतात, खेळात टक्क्यांना काही किंमत नाही, कुठला स्नायू किती चालतो ते बघतात. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होती. मला चौथ्या महिन्यात कळली. माझ्याबरोबरचा एकजण तर "माझं सत्तर टक्के आहे, मला वरचा गट मिळणार" असं सांगत फिरत होता. त्याचं हसं झालं, आणि ती चूक त्याची नव्हती.

तिसरी. पावसाळा. जून ते सप्टेंबर तांबड्या मातीत खुर्चीचे बेल्ट बांधायला खुंट्या धरत नाहीत, चिखल होतो. तेव्हा आम्हाला व्हरांड्यात बसवून रबरी बँड आणि जुने टायर. सर त्याला "पायाभरणी" म्हणतात. मी त्याला टाइमपास म्हणतो. एक सिमेंटचा चौथरा आणि वर पत्रे, एवढं झालं तर चार महिने वाचतील. शिवाय विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या की सर दिसत नाहीत, आधी कळवतही नाहीत. एक मेसेज टाकायला काय जातं? मी सव्वापाचला उठून, एक बस बदलून, पाऊण तासानं पोचतो. निपाणीची पोरगी आणि तिची आई त्याच्याही आधी निघतात. बायकांना बसचं तिकीट नाही शक्ती योजनेत, पण झोप तर लागते की.

आणि रॅम्प. मैदानाच्या पॅव्हेलियनला रॅम्प आहे, असं विद्यापीठ अभिमानानं सांगेल. मी लेव्हल पट्टी आणि टेप घेऊन मोजला. एक फूट चढायला सहा फूट लांबी. पाहिजे बारा. हुक्केरीच्या मुलाला एकट्याला तो चढता येत नाही, उतरताना तर दोघं लागतात. संडासाचा दरवाजा दोन फुटी, व्हीलचेअर आत जात नाही. म्हणजे सकाळी पाणी न पिता येतात काहीजण, आणि मग मॅडम ओरडतात की पाणी पीत नाही तुम्ही लोकं. हे प्रशिक्षकांच्या हातात नाही, मान्य. त्यांनी तीन अर्ज दिलेत, मी बघितलेत. मी सुट्टीच्या दिवशी दोन गवंडी आणून रॅम्प लांबवून देतो म्हटलं, तर त्यालाही परवानगी लागते म्हणे.

पैसे: बाहेरच्यांना महिना तीनशे, विद्यार्थ्यांना फुकट. गोळा, क्लब तिथं मिळतात. मी सरावाचे दोन गोळे कारखान्यातल्या रद्द कास्टिंगमधनं कातून दिलेत. बिडाचा चार किलोचा गोळा साधारण १०२ मिलिमीटर व्यासाचा होतो, हातात छान बसतो. कुणाला वजन कमी-जास्त पाहिजे असेल तर सांगा, सुरुवातीला तीन किलोचाही चालतो.

तारे द्यायचेच असले तर सरांना चार, मॅडमना पाच, मामांना चार आणि शिट्टी खिशात ठेवल्याबद्दल अर्धा वर. रॅम्पला शून्य.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, मंगळवारी जा, सोमवारी नुसता व्यायाम असतो आणि नवीन माणूस कंटाळतो. कँटीनचा चहा सातनंतर. उशी आपली आपण न्या, पण पातळ, आणि खिळे मारू नका. माझी खुर्ची आता उशीसकट ७४५ भरते. पंचांची टेप जरा सैल धरली तरी चालेल म्हणून पाच मिलिमीटर सोडलेत.